काळ्या कातळातलं टाकं

मालकांनी दिलेल्या टिपणाची पहिलीच ओळ होती, ‘ज्वालामुखीच्या कुशीतलं आरोग्यधाम’. सोबत आइसलँडच्या ब्लू लगूनचे फोटो जोडलेले. काळा लाव्हा, दुधाळ निळं पाणी, त्यावर वाफ. आमची जागा होती रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वर तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्ग सोडून थोडं आत. शेजारच्या गावात गरम पाण्याचं कुंड. काळा दगड आणि गरम पाणी एकत्र दिसलं की ज्वालामुखी आठवतो, त्यात मालकांचं काही चुकलं नाही. फक्त आपला ज्वालामुखी सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्या काळात थरावर थर ओतला गेलेला लाव्हा आजही पाचेक लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे; १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई पायथ्यापासून माथ्यापर्यंत त्याचंच. पण त्यातली धग केव्हाच गेली.

कुंडातलं पाणी तापतं ते दुसऱ्याच कारणाने. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल उतरतं. जमिनीत खाली जावं तसं दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी तापमान वाढत जातं. ती उष्णता घेऊन पाणी दुसऱ्या एखाद्या भेगेने वर येतं. वज्रेश्वरी-गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सव, दापोलीकडचं उन्हवरे, मग आरवली, तुरळ, राजवाडी आणि खाली राजापूरचं उन्हाळे, अशी ही झऱ्यांची माळ कोकणाच्या लांबीभर आहे. म्हणजे आमचं गरम पाणी हे मुळात पावसाचंच पाणी. बराच काळ जमिनीखाली राहून आलेलं.

हे मी पहिल्याच बैठकीत सांगितलं. ब्लू लगूनचंही सांगितलं. तो निसर्गाने दिलेला डोह नव्हे. १९७६ साली तिथे स्वार्त्सेंगीचं भू-औष्णिक वीजकेंद्र सुरू झालं, त्याचं सोडून दिलेलं पाणी लाव्ह्याच्या मैदानात साचलं, लोक त्यात उतरू लागले आणि पुढे त्याचं तीर्थक्षेत्र झालं. शिवाय तिथला ज्वालामुखी खरोखर जागा आहे. २०२३च्या नोव्हेंबरात शेजारचं ग्रिंडाविक हे अख्खं गाव रिकामं करावं लागलं, डिसेंबरात जमीन फाटून लाव्हा आला, आणि वीजकेंद्र वाचवायला मातीदगडांचे बांध घालावे लागले. मालक हसले. म्हणाले, “मॅडम, म्हणजे आपला मेलेला आहे तेच बरं.” तेवढ्यावर कुशीतली ती ओळ मात्र टिपणातून गेली नाही. ती पुढे जाहिरातीत आली. ग्राहकाला भूगर्भशास्त्र शिकवणं माझ्या फीमध्ये नव्हतं.

त्यांना इमारती सड्यावर हव्या होत्या. वरून खाडीपर्यंतचा देखावा दिसतो, सूर्यास्त दिसतो, फोटो छान येतात. मी नाही म्हटलं, आणि या कामातला तो सर्वांत लांबलेला वाद. सडा मे महिन्यात पाहिला तर भाजलेला, ओसाड जांभा वाटतो. तिथे बांधायला काय हरकत, असं कोणालाही वाटेल. पण जूनमध्ये त्याच्या खळग्याखळग्यांत पाणी उभं राहतं, भाद्रपदात फुलांचा गालिचा होतो, आणि तिथे मुरलेलं पाणी खालच्या वाडीच्या विहिरींना मिळतं. माथा झाकला की पाण्याचा पहिला थेंब उतरतो तिथेच आपण झाकण घातलं. दुसरीकडे उताराच्या पायथ्यालाही नको, कारण डोंगर कापावा लागतो. २२ जुलै २०२१ला महाड तालुक्यातल्या तळीयेत दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली, ती बातमी आमच्याकडे प्रत्येकाच्या डोक्यात ताजी होती. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये पुष्कळदा तांबड्या मातीचा पट्टा असतो. त्यावरून पाणी सरकतं, आणि वरचा दगड कितीही भक्कम दिसला तरी पट्टा भिजला की त्याचा भरवसा नाही. घाटरस्त्याच्या कापलेल्या भिंतीत हा तांबडा पट्टा कोणालाही दिसेल. आमच्या जागेत तो जुन्या पायवाटेच्या कडेला उघडा पडला होता. त्याच्या खूप खाली, काजूच्या जुन्या बागेतल्या पायऱ्यापायऱ्यांच्या जमिनीवर आम्ही खोल्या मांडल्या. आधीच सपाट केलेली जमीन, आधीच घातलेल्या गडग्यांमध्ये. देखावा अर्धाच मिळाला.

मालकांना भिंती काळ्या दगडाच्या हव्या होत्या, जमिनीपासून छपरापर्यंत. वास्तुविशारदांनाही हे वेड असतंच. स्वित्झर्लंडमधल्या वाल्सचं पीटर झुम्थोरचं दगडी स्नानगृह १९९६ साली झालं, आणि तेव्हापासून आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी तसं काहीतरी काढलेलं असतं. पण काळ्या दगडाची भिंत म्हटली की मला किल्लारी आठवते. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे लातूर-धाराशिवकडच्या त्या भागात जवळपास दहा हजार माणसं गेली. त्यातली बहुतेक भूकंपाच्या जोराने नव्हे, तर घरांनी मारली. अनघड दगड मातीत रचलेल्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाड भिंती, आतला आणि बाहेरचा पदर एकमेकांना न बांधलेला, आणि डोक्यावर मातीचं धाबं. हादरा बसला की दोन पदर सुटले, आणि धाबं खाली आलं. आमची जागा कोयनेच्या पश्चिमेला, चौथ्या भूकंपश्रेणीत. ११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप कोकणातही अजून सांगतात.

म्हणून काळा दगड जोत्यापुरता आणि खिडकीच्या उंबरठ्यापर्यंत, त्यातही ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड. वर जांभ्याचे चिरे. जोत्यावर, खिडक्यांच्या डोक्यावर आणि छपराखाली काँक्रीटचा सलग पट्टा. गवंडीमिस्त्री तालुक्यातलेच, साठीच्या पुढचे. त्यांना पट्ट्याचं समजावून सांगायची गरज पडली नाही. आरपार दगडावर मात्र त्यांनी हरकत घेतली: “बाय, येवडा लांब दगड फोडताना मोडतो, दोन फोडले की एक हाती येतो.” खरंच होतं ते. मी म्हटलं, मोडलेले पायात घालू. त्यांनी डोकं हलवलं, पण नंतर कुठल्याही भिंतीत आरपार दगड कमी पडला नाही.

दगडाबद्दल आणखी एक गैरसमज मालकांनी कुठल्या तरी मासिकातून आणला होता, की जाड दगडी भिंतींनी घर गार राहतं, एसी लागत नाही. देशावर हे बऱ्याच अंशी खरं आहे. संभाजीनगरच्या बाजूला उन्हाळ्यात दुपार रणरणते आणि रात्री हवा उतरते. भिंत दिवसभराची उष्णता झेलते आणि रात्री सोडते. कोकणात दिवस आणि रात्रीच्या तापमानात एवढा फरकच पडत नाही. त्यात दमट हवा. जाड दगडाला रात्रीही उसंत मिळत नाही, आणि पावसाळ्यात त्याच्यावर ओल धरते. इथलं शहाणपण निराळं आहे. उंच कौलारू छप्पर, लांब निघालेल्या वळचणी, भोवती पडवी, आणि समोरासमोर उघडणाऱ्या झरोक्यांनी वाहणारा वारा. झड आत येऊ नये म्हणून पडवीला बाहेरून झापांचे पडदे, तेही पावसाळ्यापुरते. हे काही माझं संशोधन नव्हे. वाडीतलं कोणतंही जुनं घर हेच सांगतं. एसी दोन खोल्यांत ठेवावा लागला, कारण काही पाहुणे त्याशिवाय झोपत नाहीत. मालकांचं ते म्हणणं मी मान्य केलं.

खरं डिझाइन झालं ते पाण्याचं. तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि फेब्रुवारीपासून टँकरची चौकशी सुरू होते. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. उतार तीव्र, मातीचा थर पातळ, खाली सलग कातळ. चार महिन्यांत पडलेलं बहुतेक पाणी काही तासांत नदीला आणि नदीतून खाडीला जातं. शंभर चौरस मीटरच्या छपरावर पावसाळाभर तीन लाख लिटर पाणी पडतं. घरगुती वापराला माणशी रोज १३५ लिटर धरायचे अशी आपल्याकडची रीत, आणि पंचतारांकित हॉटेलला त्याच्या दुपटीहून जास्त. आम्ही स्नानगृहांसकट दोनशे धरले. वीस पाहुणे, फेब्रुवारी ते मे असे चार महिने, म्हणजे जवळपास पावणेपाच लाख लिटर साठवायचे. काँक्रीटची टाकी बांधायची, तर बाहेरून सिमेंट, वाळू आणि लोखंड आणा. आणि भिंतींना दगड हवा, तर खाणीतून ट्रकने आणा.

सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर हे दोन्ही हिशेब एकदमच मिटवलेले आहेत. कातळात टाकं खोदायचं, आणि त्यातून निघालेला दगड तटाबुरजांना वापरायचा. कान्हेरीच्या लेण्यांत जवळपास प्रत्येक विहाराशेजारी पाण्याची पोढी आहे. डोंगरावरून येणारं पाणी कातळात कोरलेल्या पन्हळींनी त्यात उतरतं. तिथले भिक्षू दोन हजार वर्षांपूर्वी बांधकाम करत नव्हते, कोरत होते, पण पाण्याचं गणित हेच होतं. मी आराखड्यावर टाक्याचा चौकोन काढला, बारा मीटर बाय दहा, खोली चार, आणि मालकांना म्हटलं, ही आपली खाणही आणि टाकीही.

हे म्हणायला सोपं. कुठे खोदायचं हे ठरवण्यात एक उन्हाळा गेला. वर मुरूम, त्याखाली मांजऱ्या दगड, पोकळ्यापोकळ्यांचा, त्यात पांढऱ्या खड्यांची भर. तो दिसायला देखणा, पण पाणी धरत नाही आणि भिंतीलाही कामाचा नाही. त्याच्याखाली ठोस काळा कातळ लागला तर टाकं. विहिरी खोदणारे एक वृद्ध काका पहारीच्या आवाजावरून सांगायचे, इथे पोकळ, इथे भरीव. भूगर्भतज्ज्ञांनी नंतर यंत्राने केलेली तपासणी त्यांच्या अंदाजाच्या फार लांब गेली नाही. दोन्ही घेतल्यामुळेच जागा ठरली. चाचणीच्या खड्ड्यात पाणी भरून ठेवलं आणि रोज सकाळी पातळी मोजली. बाष्पीभवन वजा जाता उतार नगण्य निघाला तेव्हा काम धरलं.

सुरुंग लावायचे नाहीत, हे मी करारातच लिहून घेतलं होतं. कुंड लांब नव्हतं, आणि स्फोटाने खडकातली एखादी भेग मिटली किंवा नवी उघडली तर झऱ्याचं काय होईल हे कुठल्याच यंत्राने सांगता येत नाही. ओळीने भोकं पाडायची, त्यात पाचरी ठोकायच्या, दगड सरळ रेषेत सुटतो. कामाचा वेग कमी होतो, पण सुटलेला दगड जवळजवळ घडीव असतो. सुरुंगाने निम्मा माल खडी होतो. मजुरीचा खर्च वाढला तेव्हा मालकांचे हिशेबनीस रागावले. ट्रकचं भाडं आणि खाणीचा दगड त्यातून वजा केल्यावर थोडे शांत झाले. अगदी फायद्याचा सौदा होता असं मी म्हणणार नाही. टाक्याच्या एका कोपऱ्यात सांधा निघाला, तो चुना आणि विटांची सुरखी यांच्या लेपाने बंद केला. त्या पावसाळ्यात श्रावण संपायच्या आत टाकं भरलं.

गरम पाण्याचा प्रश्न वेगळा होता, कारण ते आमचं नव्हतं. मालकांच्या सल्लागारांनी सुचवलं होतं की आपल्या हद्दीत खोल बोअर मारा, गरम पाणी नक्की लागेल. लागलंही असतं. आणि त्याच भेगांतून वर येणारं देवळाजवळचं कुंड आटलं असतं किंवा थंडावलं असतं. कुंडावर गाव अंघोळ करतं. पहाटे बायका, मग पुरुष, थंडीत सांधे धरलेले म्हातारे, लांबून आलेले त्वचेचे रोगी. पैसे लागत नाहीत. त्या कुंडाशेजारी पैसे घेऊन त्याच पाण्याच्या उबेवर अंघोळ विकणारं घर मी बांधत होते. ही गोष्ट माझ्या मनातून कधी पुसली गेली नाही आणि जाऊही नये.

सरपंचबाईंनी बैठक बोलावली. ग्रामपंचायतीचा ठराव एक गोष्ट, पण कुंड देवीचं, तेव्हा गावकीने बसायला हवं. मानकरी आले, गुरव आले. देवीला कौल लावला. मालक पहिल्यांदाच हे पाहत होते. फुलं-पाकळ्या कोणत्या बाजूने पडतात यावर आपल्या गुंतवणुकीचा निर्णय व्हावा, हे त्यांना झेपेना. मला त्यात विचित्र काही वाटलं नाही. कौल मिळायच्या आधी दोन तास गावकीने जे प्रश्न विचारले, ते मी अनेक पर्यावरण अहवालांत पाहिलेले नाहीत. बोअर मारणार का? कुंडाच्या वरच्या बाजूने पाणी घेणार का? उन्हाळ्यात झरा बारीक झाला तर कोण थांबणार, तुम्ही की आम्ही? पाहुणे देवळात कसले कपडे घालून येणार? शेवटचा प्रश्न मला सोडवता आला नाही. पहिल्या तिन्हींची उत्तरं आराखड्यात आली. बोअर नाही. कुंडातून ओसंडून, धुण्याच्या दगडांवरून पुढे नदीकडे जाणारं पाणीच घ्यायचं, तेही खालच्या अंगाने. झरा बारीक झाला की आमचा दरवाजा आधी बंद. शिमग्याला पालखी कुंडावर येते तेव्हाही बंद.

साबण लागलेलं पाणी अंघोळीला देता येत नाही, हे उघड आहे. म्हणून ते पाणी स्नानगृहात येतच नाही. ते फक्त आपली उष्णता देऊन पुन्हा ओढ्याला जातं. गाळणी, मग पाइपांची वेटोळी, आणि त्यांच्याभोवती टाक्यातलं पावसाचं पाणी. पाहुणे ज्यात उतरतात ते आमच्या छपरांचं पाणी, झऱ्याने तापवलेलं. जाहिरातवाल्यांना हे फारसं आवडलं नाही. ‘औषधी झऱ्यात स्नान’ असं लिहिता येत नव्हतं. मी सांगितलं, झऱ्यात स्नान करायचं असेल त्यांनी पहाटे कुंडावर जावं, फुकट आहे.

झऱ्याच्या पाण्यात क्षार बरेच, थोडा गंधकाचा वासही. लोखंडी पाइप त्यात टिकत नाहीत, स्वस्तातलं स्टीलही ते पाणी खातं. म्हणून प्लॅस्टिकचे गरम पाण्याचे पाइप वापरले आणि दर काही महिन्यांनी उघडून खरवडता येतील असे जोड ठेवले. हे कुठल्याही छायाचित्रात येत नाही.

आणि टॉवेल. आरोग्यधामाची वीज कशात जाते असं विचारलं तर लोक एसी सांगतील, वाफेची खोली सांगतील. कोकणात पावसाळ्यात ती टॉवेल वाळवण्यात जाते. एका पाहुण्याला दिवसाला तीन-चार टॉवेल, वर मसाजच्या चादरी, आणि बाहेर चार महिने काहीही वाळत नाही. विजेवरची वाळवणी यंत्रं मालकांनी यादीत घातलीच होती. आम्ही स्नानगृहाच्या मागे एक लांब अरुंद खोली काढली, तिच्या कोब्याखालून झऱ्याच्या गरम पाण्याचे पाइप फिरवले, वर छपराला धुराड्यासारखी दमट हवा जायची वाट ठेवली. सकाळी टांगलेले टॉवेल संध्याकाळी घडी घालायला मिळतात. तिथे काम करणाऱ्या बाया पावसाळ्यात आपली लुगडीही तिथेच टाकतात. या सगळ्या कामात मला मनापासून आवडलेली खोली तीच.

तेलाने मात्र आम्हाला छळलं. अभ्यंगाचं तिळाचं तेल टॉवेलातून, अंगावरून सांडपाण्यात येतं, आणि कर्दळीच्या वाफ्यातून पाणी शुद्ध करायची योजना तेलाच्या थराने गुदमरते. तेल आधीच अडवणारी कुंडी घालावी लागली, तीही ठरवल्याहून मोठी. आता कर्दळ बरी आहे, आणि ते पाणी काजूला जातं.

माहितीपुस्तिकेचा मजकूर माझ्याकडे तपासायला आला तेव्हा त्यात ‘शून्य सिमेंट’ असं छापलेलं होतं. मी ते खोडलं. भूकंपाचे पट्टे सिमेंटचे आहेत, लोखंड घातलेले आहेत, आणि ते काढून टाकायची माझी तयारी नाही. त्याऐवजी, दगड इथलाच आणि टाक्यातून निघालेला, बोअर नाही, असं लिहा म्हटलं. त्यांनी ‘ज्वालामुखीच्या कुशीत’ तसंच ठेवलं, सिमेंटचं वाक्य मात्र काढलं.

तुम्ही अशा एखाद्या हिरव्या म्हणवणाऱ्या ठिकाणी राहायला गेलात, तर भिंती कशाच्या आहेत हे विचारू नका, ते तुम्हाला तिथले लोक स्वतःच सांगतील. फेब्रुवारीनंतर पाणी कुठून येतं आणि जुलैत टॉवेल कुठे वाळतात, एवढं विचारा.